डिरेलरखालची रबराची पट्टी

सायकलचा पुढचा डिरेलर नीट चालत असला, तर मालकाला जन्मभर त्याचं नाव कळत नाही. बिघडला, की माणूस दुकानात येऊन म्हणतो, "काका, ते खालचं कायतरी कटकट वाजतंय बघा." त्या 'कायतरी'नं एका शुक्रवारी दुपारी मला जेवढं घाबरवलं, तेवढं बावीस वर्षांच्या नोकरीत मोठमोठ्या प्रेस मशीननीही घाबरवलं नव्हतं. त्या दुपारबद्दल लिहितो. यात कारागिरी कमी आणि माझा गाढवपणा जास्त आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. दिवाळीची चकली हातात धरून वाचणाऱ्याची फसवणूक नको.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग निघायचे, त्यांचे साचे घासून, जुळवून देणं हे माझं काम. पुढे कंपनीनं आम्हा जुन्या लोकांना हार घालून घरी पाठवलं. घरी बसलो तर बायको मला घासून जुळवायला लागली, म्हणून मोशीत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा या भागात नवे टॉवर उभे राहत होते आणि प्रत्येक टॉवरमध्ये दहा-वीस माणसं तरी अशी होती, की ज्यांना डॉक्टरनी सायकल चालवायला सांगितली होती. गिअरच्या सायकली, जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या. आमच्याकडे डोंगर म्हणजे स्पीडब्रेकर. पण ते असो.

या सायकलींना पायडलपाशी तीन दातेरी चकत्या असतात. दुकानात आम्ही त्यांना चेनव्हील म्हणतो. चढाला लहान, सपाटीला मधलं, वेगात जायचं तर मोठं. चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलणारा पत्र्याचा छोटासा पिंजरा म्हणजे पुढचा डिरेलर. डाव्या मुठीपाशी अंगठ्यानं खटका दाबला, की वायर ताणली जाते, पिंजरा बाहेर सरकतो आणि चेन मोठ्या चेनव्हीलवर चढते. हा पिंजरा सीटखालच्या उभ्या पाईपला एका गोल पट्ट्यानं, म्हणजे क्लॅम्पनं, आवळलेला असतो. आणि पिंजऱ्याच्या शेपटीपासून जेमतेम बोटभर अंतरावरून पायडलचा दांडा सारखा फिरत असतो. हे बोटभर अंतर लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या बोटभर जागेत घडते.

दुकान टाकलं तेव्हा मला वाटायचं, डिरेलर म्हणजे डिरेलर. खराब झाला, काढला, नवा लावला. रावेतच्या एका आयटीवाल्यानं माझा हा भ्रम दूर केला. त्याच्या सायकलची वायर वरून येत होती आणि मी लावलेला डिरेलर वायर खालून ओढली तरच हलणारा. हे मला सगळे स्क्रू आवळून झाल्यावर समजलं. आता टूलरूमचा माणूस 'बसत नाही' हे शब्द तोंडातून काढत नाही. मी वायर वरून खाली आणली, तळातून फिरवली आणि पुन्हा वर नेली. तो माणूस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, सायकल दिली होती, कपडे वाळत घालायची दोरी कुठून आली?"

त्या दिवशी मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर ठळक अक्षरात चार प्रश्न लिहिले आणि भिंतीवर चिकटवले. पाईप किती जाड? वायर वरून की खालून? चेनव्हील किती आणि मोठ्याला दाते किती? मागे गिअर किती? चारही उत्तरं जुळली तरच नवा डिरेलर लावायचा. पाईपचा प्रश्न सगळ्यात पहिला, कारण क्लॅम्पचे ठरलेले तीन-चारच आकार येतात आणि बाहेरून बघून ते ओळखू येत नाहीत. एकतीस पॉइंट आठ आणि चौतीस पॉइंट नऊ मिलिमीटर, दोघं शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ दिसतात. दाते मोजायचे, कारण पिंजऱ्याची गोलाई मोठ्या चेनव्हीलच्या गोलाईला मिळतीजुळती लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे चार प्रश्न वाचून दाखवायचो. ज्यांना पंक्चर काढायचं होतं त्यांनाही.

अशा या ज्ञानी माणसाच्या दुकानात केशवराव गर्जे आले.

केशवराव बीडकडचे. आमच्याच कंपनीत क्वालिटीला. खिशात पेन नसेल पण केसाएवढं माप घेणारा व्हर्निअर असायचा आणि पँटच्या खिशात लाल टॅगांची गड्डी. त्यांनी माल नापास केला, की त्यावर तो लाल टॅग दोऱ्यानं बांधायचे. टॅगवर तीन रकाने: भाग, कारण, जबाबदार. बावीस वर्षांत त्या तिसऱ्या रकान्यात 'डी. मोरे' किती वेळा आलं असेल, ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. एकदा मी रात्रपाळी करून घासलेली प्लेट त्यांनी केसाएवढ्या फरकानं परत पाठवली. मी म्हणालो, "गर्जे, एवढ्यानं काय होतंय?" ते म्हणाले, "कायबी नाही होत मोरेभाऊ. जेव्हा होतंय, तेव्हा मात्र एवढ्यानंच होतंय." मला हा माणूस अजिबात आवडायचा नाही. त्यांच्याइतका भरवसाही मला कुणाचा वाटला नाही.

केशवराव अजून नोकरीत होते. साखर निघाली, डॉक्टरनी हातपाय हलवायला सांगितलं, म्हणून त्यांनी कंपनीची बस सोडली आणि पुतण्याची निळी सायकल घेऊन मोशी ते चाकण जा-ये सुरू केली. नाशिक हायवेवरून, कंटेनर आणि ट्रेलरच्या शेजारून. सत्तर दिवस झाले होते, एक खाडा नाही. गुरुवारी सकाळी ते सायकल घेऊन आले. पुढच्या डिरेलरची स्प्रिंग मेली होती, पिंजरा वाकला होता.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, की आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. केशवरावांच्या दुरुस्त्या, लग्नं, भांडणं, सगळं गुरुवारी.

मी व्हर्निअर लावला. पाईप एकतीस पॉइंट आठ. वायर वरून. दाते बेचाळीस. मागे आठ. चारही प्रश्न विचारले, चारही उत्तरं मिळाली. कपाटात बघितलं तर बाकी सगळं जुळणारा एक डिरेलर होता. फक्त क्लॅम्प चौतीस पॉइंट नऊचा. म्हणजे पहिल्याच प्रश्नाला नापास. बरोबर मापाचा शनिवारी आला असता.

"शनिवारी द्या म्हणलं तर चालंल का?" केशवरावच म्हणाले. "दोन दिवस बसनं जाईन. खाडा पडंल तेवढा. पडू द्या."

इथं मी "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. पण समोर कोण उभं होतं? ज्या माणसानं बावीस वर्षं माझं काम परत पाठवलं, त्याच्यासमोर मी म्हणू, की माझ्याकडं बसत नाही?

"संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

"रंगाला तेवढा धक्का नको. पुतण्याची हाय."

फरक तीन मिलिमीटरचा. तो भरून काढायला पाईप आणि क्लॅम्पच्या मध्ये पॅकिंग टाकायचं. टूलरूममध्ये आम्ही आयुष्यभर तेच केलं. जिथं जुळत नाही तिथं पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची. डिरेलरसाठी कारखान्यात बनलेली घट्ट पॅकिंग मिळतातही. माझ्याकडं नव्हती. अॅल्युमिनियमचा पत्रा कापला, तर रंगावर ओरखडा येणार. तेव्हा मी जुन्या ट्यूबचं रबर कापलं, पाईपवर दोन वेढे दिले आणि वरून क्लॅम्प आवळला. रबर दबलं, क्लॅम्प गच्च बसला. स्टँडवर सायकल टांगून गिअर टाकून पाहिले. चेन अशी चढत-उतरत होती, की मी स्वतःशीच शीळ घातली.

स्टँडवर टांगलेल्या सायकलवर कुणी बसलेलं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

संध्याकाळी केशवराव आले. मी सायकल पुढं केली आणि सवयीनं बाजूला सरकलो, की आता हे गुडघ्यावर बसणार, व्हर्निअर काढणार, नाक खुपसणार. त्यांनी फक्त सीटवर हात फिरवला.

"तपासा की," मी म्हणालो.

"आता काय तपासायचं? तुमच्या हातचं हाय." आणि टांग टाकून गेले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बायकोला घरी जाऊन सांगितलं, गर्जेनं न तपासता माल पास केला. ती म्हणाली, "मग आज जरा नीट जेवा."

शुक्रवारी दुपारी साडेबाराला सबनीस मॅडम आल्या. या कॉलेजात शिकवतात, शेजारच्याच सोसायटीत राहतात. सायकल चालवत नाही, तिचं मागचं चाक उचलून, घामाघूम होऊन आणली होती.

"मोरे, हे काय लावून दिलंत तुम्ही मला?"

बघितलं. त्यांनी महिन्यापूर्वी डिरेलर ऑनलाइन मागवला होता, क्लॅम्प मोठा आला होता आणि मी तो त्याच युक्तीनं बसवून दिला होता. तोच क्लॅम्प आता पाईपभोवती फिरला होता. पिंजऱ्याची शेपटी बाहेर आली होती, पायडलच्या दांड्यानं तिला धडक दिली होती, पत्रा मुरगळून चेनमध्ये घुसला होता. पायडल जाम. पुढंही नाही, मागंही नाही.

"कसं झालं?" मी विचारलं.

"पार्किंगमध्येच. मी कधी ते मोठं चक्र वापरत नाही. आज म्हटलं बघू या. खटका दाबला आणि चार-पाच फेऱ्यांत पायच अडकले. एका खांबाला धरलं म्हणून वाचले. रस्त्यावर असते तर काय झालं असतं हो?"

मी रबर ओढून काढलं. तेल पिऊन ते बुळबुळीत झालं होतं, साबणाच्या वडीसारखं. मोठ्या चेनव्हीलवर चेन चढवताना वायरीला सगळ्यात जास्त ताण बसतो. वायर वर ओढते, चेन भार टाकते आणि खाली रबर. धरणार कसं? मॅडमनी महिनाभर तो खटका दाबलाच नव्हता, एवढंच.

आणि केशवराव हायवेवर दुसरं काही वापरत नाहीत.

मॅडम पुढं काहीतरी बोलत होत्या. मी केशवरावांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आता हिशेब असा होता: गेले आठ दिवस केशवराव पहिल्या पाळीला जात होते. सकाळी सातला कामावर, दुपारी तीनला सुट्टी. म्हणजे आज पहाटे ते त्याच सायकलवर निघाले. पोचले असतील, तर फोन उचलणार नाहीत, कारण आमच्याकडच्या कंपन्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही; गेटवरच्या कप्प्यात ठेवून जावं लागतं. आणि पोचले नसतील, तरी फोन उचलणार नाहीत. दोन्ही रिंगांचा आवाज अगदी सारखा असतो. मी आतल्या तीन जुन्या मित्रांना फोन लावले. तिघांचे फोन वाजले, कुणी उचलले नाहीत. त्या कपाटात तिघांचे फोन शेजारी शेजारी थरथरत असणार, आणि मी इकडं.

"मॅडम, दुकानात बसता का जरा? मी आलोच."

"मी? दुकानात? अहो मोरे—"

मी स्कूटरला किक मारली होती.

मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की हायवेला वेगळंच वारं लागतं. डावीकडून कंपनीच्या बसेस, उजवीकडून ट्रेलर, मध्ये रिक्षात कोंबलेली माणसं. रोज बघितलेला रस्ता. त्या दिवशी मात्र मी रस्ता बघत नव्हतो. रस्त्याच्या कडा बघत होतो. कडेला काही निळं दिसलं, की हात ब्रेकवर. एक निळी ताडपत्री. एक निळा पाण्याचा ड्रम. एका झुडपात अडकलेली निळी पिशवी. देवानं जगात इतका निळा रंग कशाला सांडून ठेवलाय, असं वाटायला लागलं.

चिंबळी फाट्याजवळ गर्दी होती. माणसं गोल करून उभी, मध्ये खाली काहीतरी, आणि गर्दीच्या पायांतून मला सायकलचं एक चाक दिसलं.

स्कूटर कुठं सोडली आठवत नाही. माणसांना ढकलत आत घुसलो. मध्ये कांदे होते. एका पिकअपची मागची फळी निघून कांद्याची पोती फुटली होती, सगळा रस्ता लाल, आणि एक म्हातारा आपली काळी सायकल आडवी टाकून शांतपणे कांदे गोळा करत होता. मी तिथंच खाली बसलो. म्हाताऱ्याला वाटलं, मीपण कांद्यासाठीच आलोय. म्हणाला, "तिकडून घ्या की. हितले आमी घेतलेत."

कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. ज्या गेटातून बावीस वर्षं आत-बाहेर केलं, तिथं आता नवीन सिक्युरिटीवाला. आसपासच्या गावचाच, मिशीवाला, शांत.

"केशव गर्जे, क्वालिटी. आत आलेत का तेवढं सांगा," मी म्हणालो.

"तुमी कोन?"

"मी इथलाच. जुना माणूस."

"गेटपास?"

"मला आत जायचं नाही. ते आलेत का, एवढंच सांगा."

"तसं सांगता येत न्हाई काका. भेटायचं आसंल तर त्यांची सही लागती गेटपासवर."

"अहो, ते आहेत का नाहीत हेच मला माहीत नाही, तर सही कुठून आणू?"

त्यानं विचार केला. "त्ये बी खरं हाय," म्हणाला, आणि तरीही हलला नाही.

मी हात जोडले. सगळं सांगितलं: डिरेलर, क्लॅम्प, रबर. त्याला त्यातलं किती समजलं देव जाणे, पण माझ्या तोंडाकडं बघून तो उठला. गेटच्या आत डाव्या हाताला सायकल स्टँड. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"निळी सायकल न्हाई काका."

"नीट बघा. गिअरची. जाड टायर."

"व्हय, कळलं मला. गिअरची येकच हाय, ती लाल. निळी न्हाई."

म्हणजे पहाटे निघाले आणि पोचले नाहीत.

मला आठवतं, गेटपाशी एक नळ होता. मी तो धरून उभा राहिलो. डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त ते वाक्य: तुमच्या हातचं हाय. माझा हात मी तेव्हा बघितला. नळाला धरलेला. बोटांना अजून रबराचा काळेपणा होता. त्यांच्या घरी कुणाला फोन करायचा, हॉस्पिटलं कुठली कुठली, कुठून सुरुवात करायची. काहीच जुळत नव्हतं.

तेवढ्यात टाइम ऑफिसचा शिंदे डबा खाऊन हात धुवायला त्याच नळावर आला. माझ्याच वेळचा.

"अरे मोरे! इकडं कसा? आणि असा का दिसतोयस?"

"गर्जे... गर्जे सकाळी आला नाही."

"सकाळी कसा येईल? आज शुक्रवार ना!" शिंदे माझ्याकडं बघत राहिला. "पाळी बदलली की राव. तो या आठवड्यात सेकंडला. तीनला येईल."

बावीस वर्षं माझी पाळी दर शुक्रवारी बदलली. त्या बावीस वर्षांत मी लग्न विसरलो, बारसं विसरलो, पण शुक्रवार कधी विसरलो नाही. दुकानात चार वर्षं बसलो आणि शुक्रवार साधा वार झाला. केशवराव सकाळभर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर, आपल्या घरात होते. मी दार वाजवायचं सोडून अख्खा हायवे हुंगत चाकणला आलो होतो.

मी हसलो. खरंच हसलो. शिंदेही हसला. मग मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दोन.

तीनच्या पाळीसाठी माणूस मोशीतून निघतो पावणेदोनला.

माझं हसू तिथंच राहिलं. शिंदे अजून हसत होता.

परत फिरलो. आता रस्त्याची ही बाजू मोशीकडं जाणारी आणि केशवराव येणार पलीकडून, मध्ये दुभाजक. केशवरावांना पुन्हा फोन लावला, तो अजून नुसता वाजतच होता. नंतर कळलं, सुट्टीच्या दिवशी कंपनीवाले ओव्हरटाइमला बोलावतात म्हणून ते गुरुवारी फोन सायलेंट करून ठेवतात, आणि शुक्रवारी तो तसाच राहतो.

कुरुळीच्या पुढं मला ते दिसले. पलीकडच्या बाजूला, किंचित उतारावर, डाव्या कडेनं संथपणे येत होते. पांढरं हेल्मेट, पाठीला सॅक. मागून एक लांब ट्रेलर येत होता. तिथवर चढ आणि गर्दी, त्यामुळं चेन अजून मधल्याच चेनव्हीलवर असावी. पाय सावकाश फिरत होते.

मी स्कूटर दुभाजकाला लावली, वर चढलो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. "थांबा! गर्जे! थांबा!" त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

त्यांनी बघितलं. ओळखलं. चेहरा खुलला. आणि मग त्यांनी जे केलं, ते मी अजून कधीकधी डोळे मिटले की बघतो. मला दाखवायला म्हणून ते सीटवर ताठ झाले, डाव्या अंगठ्यानं खटका दाबला आणि जोर लावला. चेन मोठ्या चेनव्हीलवर चढली. अगदी सुरेख चढली. सायकलनं वेग घेतला.

एक फेरी. दोन. तिसरीला मला त्यांचा पाय मध्येच थांबलेला दिसला. पायडल जाम. पाय घसरला, हँडल झटका खाऊन उजवीकडं वळलं, रस्त्याच्या मध्याकडं, आणि ट्रेलरच्या हॉर्ननं सगळा हायवे भरून गेला.

मी डोळे मिटले. लपवत नाही.

उघडले तेव्हा समोरून ट्रेलर जात होता. चाकं, चाकं, चाकं. ट्रेलरला इतकी चाकं असतात हे मला माहीत नव्हतं. ती संपेपर्यंत पलीकडचं काही दिसेना. शेवटचं चाक गेलं. धुरळा. आणि धुरळ्यात, रस्त्याच्या डाव्या कडेला, मातीत फतकल मारून बसलेले केशवराव. शेवटच्या क्षणी त्यांनी अंग डावीकडं टाकलं होतं.

रस्ता कसा ओलांडला ते विचारू नका.

"मोरेभाऊ," डावा हात पोटाशी धरून ते म्हणाले, "तिकडून हात कशाला हलवायलात?"

"थांबा म्हणत होतो."

"असं होय. मला वाटलं, शाबासकी द्यायलात."

कोपर सोलून निघालं होतं. मनगट बघता बघता सुजत होतं. पण तो माणूस क्वालिटीचा. आधी सायकल जवळ ओढली, वाकून पिंजरा बघितला, क्लॅम्प हलवला. तो सैल बांगडीसारखा फिरला. खाली बोट घालून त्यांनी पट्टी ओढून काढली आणि उन्हात धरली.

"ट्यूबचं रबर?"

"पॅकिंग," मी म्हणालो. "रंगाला धक्का नको म्हणाला होतात."

ते रबराकडं बघत राहिले, मग स्वतःच्या कोपराकडं. "सायकलीच्या रंगाचं म्हणलो होतो मी."

हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं. त्यांनी उजव्या हातानं खिशातून लाल टॅगांची गड्डी काढली, गुडघ्यावर ठेवून पेन मागितलं आणि तिथं मातीत बसून टॅग भरला. दोरा मला बांधायला लावला, हँडलला. मी वाचला नाही. तिसऱ्या रकान्यात काय असणार ते मला पाठ होतं.

मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलच्या बाहेर, ते आत प्लास्टर घालून घेत असताना, मी सायकल धरून उभा होतो. टॅग वाऱ्यानं उलटसुलट होत होता. शेवटी वाचला. भाग: पुढचा डिरेलर. कारण: रबराचे पॅकिंग. जबाबदार: के. गर्जे. न तपासता पास केले.

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

बरोबर मापाचा क्लॅम्प शनिवारी आला, ठरल्याप्रमाणे. मी तो बसवला आणि सायकल दुकानात टांगून ठेवली. सबनीस मॅडमच्या सायकललाही नवा घातला. त्या दुपारी त्यांनी दुकानात दोन पंक्चरवाल्यांना भिंतीवरचे चार प्रश्न समजावून सांगितले होते म्हणे. ट्यूबचे जेवढे तुकडे साठवले होते ते सगळे टाकून दिले. माझ्या रजिस्टरमधून पूर्वी अशी पट्टी लावलेल्या आणखी तीन सायकली शोधल्या, घरी जाऊन दारातच खोलल्या. एका गृहस्थांनी विचारलं, "पण चांगली चाललीय की!" मी म्हणालो, "हो. तेच तर."

प्लास्टर निघाल्यावर केशवराव आले. घरच्यांनी बसनंच जा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मी सायकल खाली घेतली. ते गुडघ्यावर बसले. डाव्या हातात अजून जोर नव्हता, तरी व्हर्निअर काढला, पाईप मोजला, क्लॅम्पवरचा आकडा वाचला, पिंजरा आणि दात्यांमधली फट बघितली, मग मला सीटवर दाबून बसायला लावून गिअर टाकून पाहिले. पाऊण तास. गिऱ्हाइकं खोळंबली. माझ्या बावीस वर्षांत इतका सुखाचा पाऊण तास गेला नव्हता.

निघताना मी म्हणालो, "पोचलात की फोन करा."

"गेटवर फोन जमा असतो, मोरेभाऊ."

"मग ठेवायच्या आधी एक मिस्ड कॉल द्या."

तेव्हापासून रोज येतो. पहिल्या पाळीला सातला दहा कमी असताना, दुसऱ्या पाळीला पावणेतीनच्या आत. एक रिंग, बंद. तोपर्यंत मी कुणाच्या डिरेलरला हात लावत नाही. पंक्चर काढतो, हवा भरतो. गिऱ्हाइकं म्हणतात, "काका, दुपारी तुम्ही एवढे गप्प का असता?" मी म्हणतो, पचन.

पाळी कुठली, ते आता मी विसरत नाही. दर शुक्रवारी चार प्रश्नांच्या वर खडूनं लिहितो. लाल टॅगही तिथंच खिळ्याला टांगलाय. बाहेरच्याला वाटतं, दुकानदारानं नजर लागू नये म्हणून काहीतरी लटकवलंय.

आज शुक्रवार. दुसरी पाळी. दुकानाच्या स्टुलावर बसून हे लिहितोय. दोन चाळीस झाले. समोर रावेतहून आलेली एक सायकल टांगली आहे, पुढचा डिरेलर बदलायचा आहे. मालक बाकावर बसलाय.

दोन पंचेचाळीस. मालक म्हणतो, "काका, घ्यायची का सुरुवात?" मी म्हणतो, थांबा जरा.

दोन एक्कावन्न. रस्त्यावर आज ट्रक जास्त असतील. पंक्चर झालं असेल. पंक्चर मला चालेल. फोन उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

दोन त्रेपन्न.

एक रिंग. बंद.

"द्या तो व्हर्निअर इकडं," मी मालकाला म्हणालो. "आधी पाईप मोजू."